मोसम पुलाच्या दोन्ही बाजूंनी: जोडीनं शिकण्याचं काम सुरू करायचं असेल तर

लग्न होऊन मी मालेगावच्या कॅम्पात आले आणि बत्तीस वर्षं इथल्या शाळेत मराठी शिकवलं. त्या काळात मोसम पूल ओलांडून किदवाई रोडला शेकडो वेळा गेले असेन. कापड घेतलं, शिवणयंत्र दुरुस्त करून आणलं, ईदच्या आधी शेवया आणल्या. पण पलीकडच्या एकाही घरात बसून पाणी प्यायले नव्हते. कुणी अडवलं नव्हतं, तशी वेळच आली नव्हती. आणि ती आली नाही याचं मला काही वाटलंही नव्हतं. आमच्या गावात मोसम नदीच्या पूर्वेला बहुतेक मुसलमान विणकरांची वस्ती आणि पश्चिमेला कॅम्प-सोयगावकडे बहुतेक हिंदूंची. दोन्हीकडे थोडी थोडी सरमिसळ आहे, पण गाव बोलताना 'पुलाच्या अलीकडे' आणि 'पुलाच्या पलीकडे' असंच बोलतं.

निवृत्तीनंतर काही महिन्यांनी, २०१४ साली, बँकेत एका मुलीनं माझ्यापुढे अर्ज धरला. "मॅडम, ये भर देंगे?" उर्दू माध्यमातून बारावी झालेली, गुण चांगले, पोलीस भरतीला बसायची इच्छा. भरतीची लेखी परीक्षा शंभर गुणांची आणि मराठीतून. तिला मराठी वाचता येत होतं, पण बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत. त्या वेगानं नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न होणं शक्य नव्हतं. गणित मात्र तिचं माझ्यापेक्षा पक्कं होतं. तिथून आमचं काम सुरू झालं. पहिल्या वर्षी चौघी होत्या, आता दर शनिवारी बारा जोड्या बसतात. प्रत्येक जोडीत एक मुलगी अलीकडची, एक पलीकडची. तुमच्या गावात नदी नसेल, रस्ता असेल, रेल्वेचा रूळ असेल, गावकुसाची जुनी रेघ असेल. तिथं असं काही उभं करायचं मनात असेल तर आमचं काय जमलं आणि काय फसलं ते सांगते.

आधी घर, मग मुलगी

पहिली चूक मी इथंच केली. मुलगी तयार आहे म्हटल्यावर मी सरळ शनिवारची वेळ ठरवून टाकली. ती एकदा आली, मग आलीच नाही. पंधरा दिवसांनी मी पत्ता शोधत इस्लामपुऱ्याच्या गल्लीत गेले. दोन्हीकडे लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खटखट, बोललेलं ऐकू येईना. तिची आई दारात आली, मला आत बसवलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. मी पाणी प्यायले. मग ती म्हणाली, "आपा, हमको मालूम ही नहीं था लड़की जाती किसके पास है." तिचा राग रास्त होता. अनोळखी बाई, अनोळखी वस्ती, आणि कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही. माझ्या मुलीच्या बाबतीत मी तरी चालवून घेतलं असतं का?

त्यामुळे आता नियम असा: मुलीशी बोलणं ठरलं की त्या आठवड्यात तिच्या घरी जायचं. आईला भेटायचं, वडील किंवा मोठा भाऊ असेल तर त्यालाही. तुम्ही कोण, कुठं राहता, घरात कोण कोण, मुलगी कुठल्या खोलीत बसणार, तिथं पुरुषमाणूस असतो का, घरी किती वाजता पोचेल, हे विचारण्याआधीच सांगायचं. मग त्यांना तुमच्या घरी बोलवायचं आणि येईपर्यंत थांबायचं. आई एकदा तुमचं स्वयंपाकघर बघून गेली की पुढच्या निम्म्या शंका आपोआप मिटतात. आणि हे दोन्ही बाजूंना करायचं. कॅम्पातल्या आयासुद्धा "तिकडे" म्हटल्यावर गप्प होतात. त्यांच्यातल्या दोघींना मी हात धरून पूल ओलांडून नेलं आहे, शब्दशः हात धरून.

भेटायची जागा एकाच बाजूची नको. सुरुवातीला आम्ही माझ्या ओसरीवर बसायचो. सहा महिन्यांनी लक्षात आलं की दर वेळी पूल पलीकडच्याच मुली ओलांडताहेत, रिक्षाचे पैसे त्यांचेच जाताहेत, आणि आम्ही आपलं बसल्या जागी भलं करतोय. तेव्हापासून एक शनिवार इकडे, एक तिकडे.

जोडी अडचणीवरून लावा

हुशारीवरून, वयावरून, स्वभावावरून जोड्या लावून बघितल्या. सगळ्यात टिकलेल्या जोड्या एकाच अडचणीतून जुळल्या.

एक उदाहरण सांगते. इतर मागासवर्गाचा दाखला काढायला महाराष्ट्रात १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आमच्याकडे एक मोमीन, म्हणजे मुसलमान विणकर समाजातली, मुलगी होती, तिला त्यासाठी आजोबांच्या शाळेची नोंद हवी होती. तिच्या पणजोबांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडून विणकामासाठी इथं आले. घरात कागद एकच, तोही उर्दूत लिहिलेला, कडा वाळवीनं खाल्लेल्या. दुसरी मुलगी कसमादेतल्या (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या पट्ट्यातल्या) शेतकरी घरची. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची धावपळ सुरू झाली तेव्हा तिच्या घरीही पणजोबांची नोंद शोधत होते, ती सापडली मोडीत. दोघींना पुरावा हवा होता तो एकाच तारखेच्या आधीचा. दोघींच्या हातात पूर्वजांचा जुना कागद होता आणि तो दोघींनाही वाचता येत नव्हता. कारण उर्दू माध्यमातल्या मुलीलासुद्धा ते जुनं घसटं हस्ताक्षर लागेना. त्या दोघी मिळून तहसील कचेरीत गेल्या, रांगेत एकमेकींची जागा धरली, एकीच्या अर्जावर दुसरीनं शुद्धलेखन तपासलं. आरक्षणावरून घराघरांत किती कडू बोललं जातं ते आपण सगळे ऐकतो. या दोघींत त्यावर कधी वाद झाला नाही असं नाही, झाला, पण एकाच खिडकीपुढे उभं राहून झाला.

म्हणून पहिल्या भेटीत मी प्रत्येकीला विचारते, येत्या सहा महिन्यांत तुझं कुठलं काम अडलंय? दाखला, परीक्षा, ब्लाउजची कटिंग, मैदानी चाचणी. पोलीस भरतीत मुलींना आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक असते, एकूण पन्नास गुण. पलीकडच्या एका मुलीला पहाटे मैदानावर एकटीला सोडायला वडील तयार नव्हते. कॅम्पातली तिची जोडीदारीण रोज पावणेसहाला स्कूटी घेऊन तिच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची. ती मुलगी डोक्याला रुमाल घट्ट बांधून, पूर्ण बाह्यांच्या ट्रॅकसूटमध्ये धावायची. स्कूटीवाली तिच्याबरोबर धावून धावून स्वतःच भरतीला बसली.

जोडीत एक शिकवणारी आणि एक शिकणारी अशी कायमची वाटणी होऊ देऊ नका. मराठी शिकवणारीला त्या बदल्यात काहीतरी घ्यावंच लागतं, हा आमचा एकमेव कडक नियम आहे. कुणी गणित घेते, कुणी मेंदी, कुणी शिवण. "मला काही नको, मी मदत म्हणून करते" असं म्हणणाऱ्या मुलीला मी थांबायला सांगते. फार चांगली मुलगी असते ती, पण महिन्याभरात समोरचीची मान खाली जाते आणि ती यायची बंद होते.

मलाही हा नियम लागू होता. मी उर्दू लिपी शिकायची ठरवली. उजवीकडून डावीकडे वाचायची सवय दोन महिन्यांत लागली, पण अक्षर शब्दात शिरलं की रूप बदलतं, ते डोळ्यांना पकडेना. सुटं 'बे' मला ओळखू यायचं, शब्दाच्या मध्ये आलं की नुसता एक दात आणि खाली टिंब. 'काफ' आणि 'क़ाफ' यांचा उच्चार तर मुली माझ्याकडून दहादहा वेळा म्हणून घ्यायच्या. ज्या मुलीला 'शाळा' म्हणताना 'शाला' यायचं आणि ती ओशाळायची, ती माझ्या घशाकडे बोट दाखवून सांगायची, "यहाँ से, टीचर, और पीछे से." तो वर्ग बघायला पाहिजे होता तुम्ही. त्या महिन्यात मुली पहिल्यांदा मोठ्यानं मराठी वाचू लागल्या.

शिकवायचं काय

इथं जरा सविस्तर लिहिते, कारण बरेच जण पाठ्यपुस्तकापासून सुरुवात करतात आणि तिथंच अडकतात.

मी अर्जापासून सुरुवात करते. कुठलाही सरकारी अर्ज घ्या आणि मुलीला सांगा की ओळखीच्या शब्दाखाली रेघ मार. अर्ज, तारीख, दाखला, हजर, रक्कम, मुदत, वारस, जमीन, जिल्हा, तहसीलदार, कायदा, हक्क, शिफारस. पान रेघांनी भरून जातं. हे सगळे शब्द मराठीत फारसी-अरबीतून आलेले, आणि उर्दू शिकलेल्या मुलीला ते अर्थासकट येतात. 'कागद' आणि 'शाई'सुद्धा तिकडूनच आले. एका मुलीनं रेघा मोजल्या आणि विचारलं, "टीचर, तो मुझे इतनी मराठी पहले से आती थी?" हो, येत होती. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं.

अलीकडच्या मुलींनाही हा पाठ तितकाच लागतो. 'साक्षीदार' हा शब्द फळ्यावर लिहा आणि मधे रेघ ओढा: 'साक्षी' संस्कृत, 'दार' फारसी. तसाच 'भागीदार', तसाच आमचा 'जोडीदार'. मी व्याख्यान देत नाही, रेघ ओढते आणि पुढे जाते.

मग उच्चार. 'ळ' आणि 'ण' उर्दूत नाहीत, त्यामुळे 'काळ' आणि 'काल' एक होतात, 'बाळ' आणि 'बाल' एक होतात. यासाठी अशा शब्दांच्या जोड्या रोज पाच मिनिटं म्हणायच्या, बस. 'चार' आणि 'चोर' यांतला 'च' वेगळा आहे हे आपल्याला जन्मापासून माहीत असतं म्हणून आपण ते सांगतच नाही, ते सांगा. 'जोर', 'जाळं' यांतला 'ज' मात्र त्यांना 'ज़'च्या सवयीनं पटकन येतो, तिथं शाबासकी द्या. सगळ्यात चिवट चूक म्हणजे नपुंसकलिंग. उर्दूत दोनच लिंगं, त्यामुळे 'मेरा घर'वरून 'माझा घर' होतं आणि 'किताब' स्त्रीलिंगी म्हणून 'माझी पुस्तक' होतं. हे नियम पाठ करून जात नाही. घरातल्या पन्नास वस्तूंच्या नावांपुढे 'तो, ती, ते' लिहून भिंतीला कागद लावायचा आणि चार महिने थांबायचं.

चूक सुधारताना कोण ऐकतंय हे बघा. मी एकदा एका मुलीचं वाक्य तिच्या आईसमोर सुधारलं. सवयच माझी, बत्तीस वर्षांची. आई कौतुकानं बघत होती, मुलगी माझ्याशी मराठीत बोलत होती आणि मी मधेच म्हटलं, "माझा नाही, माझं." ती तीन आठवडे आली नाही. मला तेव्हा माझं लहानपण आठवलं. माझी घरची भाषा अहिराणी. पाचवीत तालुक्याच्या शाळेत मी 'मला'ऐवजी 'माले' म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. पुढचं पूर्ण वर्ष मी हात वर केला नाही. हे मी त्या मुलीच्या घरी जाऊन तिला सांगितलं, तिच्या आईसमोरच. आता दर नव्या गटाला पहिल्याच शनिवारी सांगते. कॅम्पातल्या मुलींपैकी निम्म्यांच्या घरी अहिराणीच बोलतात, पण बाहेर कुणी कबूल करत नाही. एकीनं सांगितलं की बाकीच्या बोलू लागतात. 'शुद्ध' मराठीची धास्ती पुलाच्या दोन्ही बाजूंना आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना कळतं.

वेळ, खाणं, फोटो

वेळ ठरवताना दोन्हीकडचं कॅलेंडर भिंतीवर लावा. शुक्रवारी लूम बंद असतात, घरात सगळे असतात, त्या दिवशी मुलगी सुटत नाही. सूर्यास्ताच्या नमाजाच्या आत ती घरी पोचली पाहिजे, आणि हिवाळ्यात सूर्य लवकर मावळतो. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो, त्या महिन्यात आम्ही सकाळी बसतो. कांदा काढणीला शेतकरी घरच्या मुली गायब होतात, तेव्हा त्यांना रागवू नका.

खाण्याचं सरळ बोला. मी मांसाहार करत नाही, हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं, आणि चहा, शेवया, फळं आनंदानं खाईन हेही सांगितलं. संकोचानं "आज उपास आहे" अशी थाप मारू नका. ती पकडली जाते आणि तिचा अर्थ भलताच घेतला जातो.

फोटो आम्ही काढत नाही. कुणी पाहुणे आले आणि "बुरख्यातली आणि टिकलीवाली शेजारी बसवा, छान दिसेल" म्हणाले तरी नाही. एकदा काढू दिला होता, तो न विचारता छापून आला आणि एका मुलीचं शिक्षण सहा महिने थांबलं. पैसेही घेत नाही, देत नाही. वह्या ज्याच्या त्याच्या.

वाईट दिवस

मालेगावात राहणाऱ्याला हे टाळता येत नाही. २००१ ची दंगल, ८ सप्टेंबर २००६ ला शब-ए-बारातच्या दिवशी झालेले बॉम्बस्फोट, २९ सप्टेंबर २००८ चा स्फोट. आमच्या मुलींतल्या कितीतरी त्यानंतर जन्मल्या, पण घराघरांत त्या दिवसांची आठवण आहे. दूरच्या कुठल्या शहरात काही घडलं तरी आमच्या पुलावरची वर्दळ कमी होते.

तयारी शांत दिवसांत करायची असते. प्रत्येक जोडीकडे एकमेकींच्या आईचा नंबर हवा, नुसता मुलीचा नाही. ठरवून ठेवा की काही झालं तर तासाभरात फोन करायचा आणि फक्त एवढंच विचारायचं: सगळे घरी आहेत का, काही हवंय का. कोणी सुरू केलं, कोणाचं चुकलं, हे त्या फोनवर नाही. 'तुमचे लोक' हा शब्द तर कधीच नाही. आम्ही सुरू केल्यावर तिसऱ्या वर्षी एका दुपारी दुकानं भराभर बंद झाली. मी फोन हातात घेते तोच इस्लामपुऱ्यातल्या त्या आईचा आला, "आपा, आज मत आना. आपके यहाँ सब ठीक है ना? दूध-वूध है घर में?" पहिला फोन मी करायचा होता. तो तिनं केला.

दुसरा प्रसंग कठीण होता. कॅम्पातल्या एका मुलीनं असल्याच एका दिवशी आमच्या मोबाइलवरच्या गटात एक चित्रफीत पुढे ढकलली. दुसऱ्याच कुठल्या देशातली, जुनी, खोटी. त्या मुलीला गटातून काढून टाका, असं दोन्हीकडून आलं. मी काढलं नाही. तिला घेऊन तिच्या जोडीदारणीच्या घरी गेले. मोठ्या भावानं विचारलं, "ये किसने भेजा?" ती म्हणाली, "मी पाठवलं. खरं आहे का ते बघितलं नाही." पुढे कुणी काही बोललं नाही. चहा आला, तो आम्ही प्यायलो आणि निघालो. तिची जोडीदारीण पुढचे दोन शनिवार तिच्या शेजारी बसली पण एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या शनिवारी तिनं खोडरबर मागितलं.

असं प्रत्येक वेळी होत नाही. त्याच वर्षी दोन जोड्या तुटल्या त्या तुटल्याच, आणि त्यातल्या एका मुलीच्या आईनं अजून माझ्याकडे बघून मान फिरवायचं सोडलेलं नाही. मी तिला दिसले की सलाम करते. तिच्या मागे लागत नाही. तिनं २००६ मध्ये काय पाहिलं ते मला माहीत आहे, आणि तिला माझ्याशी बोलायचं नसेल तर तो तिचा हक्क आहे.

वाईट दिवसानंतरचा शनिवार चुकवू नका, एवढं मात्र कळकळीनं सांगते. एकच मुलगी आली तरी खोली उघडा, सतरंजी घाला, ठरलेल्या वेळेपर्यंत बसा. एकदा मी दोन तास एकटीच बसले होते. पुढच्या आठवड्यात सातजणी आल्या, त्यातल्या एकीनं सांगितलं की तिच्या भावानं गल्लीतून जाताना दार उघडं बघितलं होतं.

पुढे

दोन वर्षं झाली की जोडीनं नव्या जोडीला हाताशी घ्यायचं, अशी आमची पद्धत. बँकेत भेटलेली ती पहिली मुलगी भरतीत दोनदा थोडक्यात राहिली, मग तिनं शिक्षक व्हायचं ठरवलं आणि आता उर्दू शाळेत मराठी शिकवते. तिकडच्या खोलीची किल्ली तिच्याकडे असते. मी महिन्यातून दोनदा जाते, मागे भिंतीला टेकून बसते आणि माझी उर्दूची वही पुढे करते. माझ्या आजीच्या पेटीत मालेगावचं एक रंगीत सुती लुगडं होतं, तशी इथल्या मागांवर विणून खेड्यापाड्यांत जायची. ते मी गेल्या महिन्यात इस्लामपुऱ्यातल्या त्या आईला दाखवायला नेलं. तिनं किनार उलटी करून नखानं धागे मोजले, म्हणाली की तिचे आजोबा हातमागावर अशीच विणायचे, आणि शेजारच्या दोघींना हाक मारून बोलावलं.